देवांच्या नावांचे पत्ते आणि सकाळचं पुणं

मे महिन्यात आमच्या नारायण पेठेतल्या घरात पाच मुलं असतात. भावाची दोन नाशिकहून, बहिणीची दोन पिंपरीहून आणि पाचवं शेजारचं, जे आपल्या घरी फक्त झोपायला जातं. मी दोघांची आत्या, दोघांची मावशी आणि एकाची काकू. बँकेतून निवृत्त झाल्यामुळे 'तुला काय, वेळच वेळ आहे' असं म्हणून सगळे मोकळे होतात. तर ही पाच डोकी महिनाभर कशी रमवायची आणि तेवढ्यात त्यांना पुणं कसं दाखवायचं, याची माझी आता एक रीत बसली आहे. ती सांगते.

आधी काय करू नये ते. पहिल्या वर्षी मी एका दिवसात सगळं उरकलं. कसबा गणपती, लाल महाल, शनिवारवाडा, तुळशीबाग, मंडई, विश्रामबागवाडा आणि वर केळकर संग्रहालय. सनावळ्या सांगत पुढे मी, मागे घामाघूम वरात. मंडईसमोर धाकट्या भाच्याने फतकल मारली आणि म्हणाला, "मावशी, आता आणखी एक जरी जुनं काही दाखवलंस ना, तर मी रडेन."

त्याच रात्री हा मुलगा अकरापर्यंत झब्बू खेळत बसला होता. शनिवारवाडा कोणी बांधला ते संध्याकाळी त्याला आठवत नव्हतं, पण इस्पिकची राणी तीन हातांपूर्वी कोणी टाकली ते बरोबर ध्यानात होतं. मला तिथेच सुचलं. शहर आधी पत्त्यांत आणायचं, मग पत्ते घेऊन शहरात जायचं.

पत्ते कसे करायचे

पुण्यातल्या देवांची नावं हा आयता खजिना आहे. बटाट्या मारुती, जिलब्या मारुती, डुल्या मारुती, सोन्या मारुती, पत्र्या मारुती. पासोड्या विठोबा, निवडुंग्या विठोबा, उपाशी विठोबा. गुपचूप गणपती, चिमण्या गणपती, माती गणपती, त्रिशुंड्या गणपती. ही बारा झाली. मुलांना ही नावं नुसती वाचून दाखवली तरी ती लोळतात. प्रत्येक देवाची दोन पानं करायची. एकावर नाव, दुसऱ्यावर त्या नावामागचं कारण, तेही चित्रात. बटाट्याला बटाटा, जिलब्याला जिलबी, निवडुंग्याला निवडुंग, उपाशीला रिकामं ताट, गुपचूपला ओठांवर बोट. चोवीस पानं होतात. पंचविसावं पान एकटं, त्याला जोडी नाही. ते खुन्या मुरलीधराचं.

पुठ्ठा विकत आणू नका. घरात जुन्या लग्नपत्रिकांची थप्पी असतेच, तिच्या एकेका जाड पानातून चार-चार पत्ते निघतात. पहिल्यांदा आम्ही नुसत्या पत्रिका कापल्या आणि फसलो. प्रत्येकीची पाठ वेगळी. कोणाची शेंदरी, कोणाची सोनेरी वेलबुट्टीची. दुसऱ्या डावातच मोठी भाची पाठ बघून पान ओळखायला लागली. "ती मोराची पत्रिका म्हणजे जिलब्या," असं तिने जाहीर केलं आणि खेळ संपला. म्हणून पाठीला वह्यांचा खाकी कागद लावायचा. खळ पातळ लावली तर पान वाकत नाही. रात्रभर पाट्याखाली दाबून ठेवायचं, आणि पाटा नसेल तर दासबोध-ज्ञानेश्वरी एकावर एक. लॅमिनेट मात्र करू नका. पानं बुळबुळीत होतात आणि लहान हातांना पिसता येत नाहीत.

चित्रं मुलांनाच काढू द्या, कितीही वाईट आली तरी. आमच्या डुल्या मारुतीच्या पानावरचा मारुती स्कूटरवरून पडल्यासारखा दिसतो. चालतं. त्या पानाचं कारण घरात कोणी विचारलं तर पोरगं पानिपतपासून सुरुवात करतं. पानिपतावर मराठ्यांचा पराभव झाला तेव्हा गणेश पेठेतला हा मारुती डुलला, अशी आख्यायिका आहे. 1761 हे साल ज्याला शाळेत पाठ होत नव्हतं त्याच्या तोंडून ते डोलत डोलत येतं.

कारणं मुलांना एकदाच सांगायची, पत्ते रंगवताना. पासोडी म्हणजे जाडंभरडं पांघरूण, त्या देवळाजवळ पासोड्यांचा बाजार भरायचा. सोन्या मारुती सराफांच्या पेढ्यांच्या शेजारचा. पत्र्या मारुती आमच्याच नारायण पेठेतला, पत्र्याच्या छपराचा. निवडुंग्या विठोबा नाना पेठेत, तो निवडुंगात सापडला असं सांगतात. आषाढीच्या वारीला तुकाराम महाराजांची पालखी पुण्यात याच देवळात उतरते. जिलब्याला म्हणे शेजारचा हलवाई जिलब्यांची माळ घालायचा. खुन्या मुरलीधर सदाशिव पेठेतला, 1797 चा. गद्रे सावकारांनी देऊळ बांधलं, आणि मूर्तीच्या स्थापनेवरून झालेल्या चकमकीत माणसं मारली गेली. बासरी वाजवणाऱ्या देवाला 'खुन्या' म्हणणारं शहर आमचं, यावर मी जास्त बोलत नाही.

खेळायचं कसं

गुलामचोर ज्यांना येतो त्यांना वेगळं काही शिकायला नको. पंचवीस पानं पिसून सगळी वाटून टाकायची. पाच जण असतील तर प्रत्येकी पाच. चार असतील तर एकाला सात येतात, कुरकुर करू नये. हातात नाव आणि कारण अशी जोडी जमली की ती खाली मांडायची. मग पाळीपाळीने डावीकडच्याच्या हातातलं एक पान न बघता ओढायचं. जोडी जमली की उतरवायची. शेवटी ज्याच्या हातात खुन्या मुरलीधर राहिला तो हरला.

यात एकच भर घालायची. जोडी खाली ठेवताना कारण मोठ्याने सांगायचं. चुकलं तर जोडी परत हातात. 'बटाट्या मारुती म्हणजे तिथे बटाटे मिळतात' असं कोणी म्हटलं तर बाकीचे 'मिळतात नाही, मिळायचे' म्हणून ओरडतात. दोन-तीन संध्याकाळी खेळलं की सगळ्यांना सगळं पाठ. आणि हरणाऱ्याला शिक्षा अशी की दुसऱ्या दिवशी फिरायला जाताना पाण्याची पिशवी त्याने उचलायची. खेळाची गाठ फेरीशी बांधली जाते ती इथे. पिशवी चांगली साडेतीन किलोची असते.

अगदी लहान असतील, वाचता येत नसेल, तर अष्टचंग्यावर भागवा. फरशीवर खडूने पाच बाय पाच घरं आखायची. चार चिंचोके मधोमध फोडून त्यांच्या एकेका अर्ध्याचे कवड्यांसारखे फासे करायचे. पांढऱ्या बाजू जितक्या वर, तितकी घरं. चारही पांढऱ्या पडल्या तर चार, चारही काळ्या पडल्या तर आठ, आणि या दोन्ही दानांना पुन्हा खेळायची पाळी. आमच्याकडे मधल्या घराला शनिवारवाडा म्हणतात आणि चार बाजूंनी चार पेठांतून सोंगट्या निघतात. एवढंच.

बाहेर पडताना

गाडी काढू नका. पेठांत गाडी लावायला जागा शोधणं हा वेगळा खेळ आहे आणि तो कोणीच जिंकत नाही. सप्टेंबर 2024 पासून भुयारी मेट्रो स्वारगेटपर्यंत जाते, कसबा पेठ आणि मंडई अशी दोन स्टेशनं ऐन जागी आहेत. आम्ही चालतच जातो, पण पिंपरीची बहीण मेट्रोने येऊन आम्हाला कसब्यात गाठते.

उन्हाळ्यात सातला घर सोडायचं, रविवार असेल तर उत्तम. दुकानं बंद, देवळं उघडी, बोळ झाडून घेतलेले. नऊ-साडेनऊला नाश्ता आणि परत. दोन तासांच्या वर एक मिनिट नाही, मुलं 'अजून' म्हणाली तरी. 'अजून' म्हणत असतानाच घरी आणलं की दुसऱ्या दिवशी ती आपणहून उठतात. निघायच्या आधी सगळ्यांनी घरीच जाऊन यायचं, रस्त्यात सोय शोधत बसू नये. पिशवीत पाणी, भडंग, एक जुना टॉवेल आणि पत्त्यांचा गठ्ठा.

मोठ्यांसाठी नियम एकच, आणि तो पाळायला सगळ्यात अवघड. एका जागी दोनच वाक्यं बोलायची. तिसरं वाक्य मुलाने विचारलं तरच. मी पहिले काही दिवस अक्षरशः ओठ दाबून उभी राहायचे.

माझे वडील चौऱ्याऐंशीचे आहेत, गुडघे चालत नाहीत. त्यांना घरी सोडून जायचं माझ्या जिवावर यायचं. आता त्यांना घरून वाट दाखवायचं काम आहे. वाट चुकली की मुलं फोन लावतात. "आजोबा, जिलब्या सापडत नाही." आजोबा म्हणतात, "मिनर्व्हा टॉकीजवरून वळलात का?" आता मिनर्व्हा टॉकीज कुठली, तिथे गाड्यांचं पार्किंग झालं. मग अर्धा तास फोनवर मिनर्व्हाला कोणते सिनेमे लागायचे ते निघतं आणि जिलब्या तेवढ्यात आपोआप सापडतो. ज्या घरात असं फोनवरचं माणूस आहे त्यांनी ते वापरावं.

पहिली सकाळ: बटाटे कुठे गेले?

कसबा पेठ ही पुण्याची सगळ्यात जुनी वस्ती. सुरुवात कसबा गणपतीपासून, तो ग्रामदैवत. तिथून लाल महाल चालत काही मिनिटांवर. सध्याची इमारत विसाव्या शतकाच्या अखेरीस उभी केलेली आहे, शहाजीराजांनी बांधलेला मूळ वाडा केव्हाच गेला, हे मुलांना आधीच सांगा. नाहीतर शाहिस्तेखान नेमक्या कोणत्या खिडकीतून पळाला ते शोधत बसतात. 5 एप्रिल 1663 ची ती रात्र आणि खानाची तुटलेली बोटं, दोन वाक्यांत बसतं.

शनिवारवाड्याला मी आत जायची घाई करत नाही. आधी दिल्ली दरवाज्यापाशी थांबायचं. दाराच्या फळ्यांवर लोखंडी अणकुचीदार खिळे आहेत. हे कशाला, असं विचारून गप्प बसायचं. चोर चढू नये म्हणून, कपडे वाळत घालायला, अशी उत्तरं येतात. मग नाशिकच्या पुतणीने खिळ्याची उंची आपल्या डोक्यापासून मोजली आणि म्हणाली, "हत्तीचं कपाळ इथे येतं ना?" तिला काही सांगावं लागलं नाही. हत्तीने धडक देऊन दार फोडू नये म्हणूनच ते आहेत. आत शिरल्यावर वाट लगेच सरळ जात नाही, वळते. घुसणाऱ्याचा वेग मोडावा म्हणून. पोरांना तिथे एकदा धावत आत जायला सांगा, कळतं.

पाया घातला 10 जानेवारी 1730 ला, वास्तुशांत 22 जानेवारी 1732 ला, आणि दोन्ही दिवस शनिवार. खर्च 16,110 रुपये. हा आकडा मुलांना फार आवडतो, कारण शेजारच्याच्या बाबांचा फोन त्याहून महाग आहे. आत वाडा असा नाही, जोती आहेत. 1828 च्या आगीत लाकडी मजले गेले. म्हणून आत मी 'इथे काय असेल' एवढाच खेळ घेते. एक जोतं, एक मूल, आणि त्याने ठरवायचं की इथे स्वयंपाकघर होतं की हत्तीखाना. खोटं असलं तरी चालेल. उरलेल्या दरवाज्यांपैकी एक मस्तानी दरवाजा. तिथे 'आईस्क्रीमची मस्तानी' असं कोणीतरी म्हणतंच. त्या दिवशी नाश्त्यानंतर मस्तानी द्यावी लागते, पैसे बरोबर ठेवा.

आणि मग, बाहेर पटांगणाच्या कडेला, बटाट्या मारुती. पत्ते काढा. ज्याच्या हाताला बटाट्याचं पान येईल त्याने ते देवळासमोर धरून कारण सांगायचं. वाड्यासमोरच्या या पटांगणात पूर्वी भाजीबाजार भरायचा, त्यातल्या बटाटेवाल्यांचा हा मारुती. धाकटा भाचा, तोच फतकलवाला, इकडे तिकडे बघत म्हणाला, "मग बटाटे गेले आणि मारुती इथेच राहिला? बटाटे कुठे गेले?"

मी दोनच वाक्यं बोलले. "उद्या सांगते. आता घरी."

दुसरी सकाळ

बटाटे मंडईत गेले. 1886 मध्ये मंडईची इमारत झाली, तेव्हाच्या गव्हर्नरच्या नावाने रे मार्केट, आणि बाजार तिकडे हलला. आता ती महात्मा फुले मंडई. गंमत अशी की नगरपालिकेचे सदस्य असताना या बांधकामावरच्या खर्चाला विरोध केला होता तो जोतीराव फुल्यांनीच. हे मी मुलांना नाही, त्यांच्या आईबापांना सांगते, त्यांना जास्त मजा वाटते. मुलांना मी प्रत्येकी वीस रुपये देते आणि म्हणते, बटाटे घेऊन या. घासाघीस करायची, आणि विकणाऱ्या मावशींना विचारायचं की तुम्ही किती वर्षं बसता. एकाने अर्धा किलो आणले, एकाने कोथिंबीर आणली कारण 'त्या आजी फार गोड होत्या'. घरी त्याच बटाट्यांची भाजी. त्या भाजीबद्दल कोणी तक्रार करत नाही, हा या सगळ्या उद्योगाचा अनपेक्षित फायदा.

मंडईच्या आसपास जिलब्या, मग तुळशीबागेतलं राममंदिर. खरेदी करणाऱ्या बायकांना तुळशीबागेच्या आत देऊळ आहे याचा विसर पडतो, सकाळी दुकानं बंद असताना ते दिसतं. तिथून बाजीराव रस्त्यावर विश्रामबागवाडा, दुसऱ्या बाजीरावाने 1807 मध्ये बांधलेला. सुरूच्या आकाराचे लाकडी खांब आणि पुढे काढलेली कोरीव गॅलरी बघायला रस्त्याच्या पलीकडे उभं राहा, खाली उभं राहून काही दिसत नाही. पासोड्या विठोबा बुधवार पेठेत, जाता जाता. दगडूशेठच्या गणपतीसमोर भिडेवाड्याची जागा आहे. 1848 मध्ये फुले दांपत्याने मुलींची शाळा सुरू केली ती इथे. पडका वाडा डिसेंबर 2023 मध्ये पाडला, स्मारकासाठी. मी भाचीला आणि पुतणीला तिथे मिनिटभर उभं केलं. काही बोलले नाही. पुतणीने विचारलं, "म्हणजे आम्ही असतो तर याच शाळेत?" मी म्हटलं, हो.

एक सकाळ वेगळी राखून ठेवा सोमवार पेठेतल्या त्रिशुंड्या गणपतीसाठी. अठराव्या शतकातलं काळ्या दगडाचं देऊळ, मूर्तीला तीन सोंडा आणि वाहन मोर. इथे आत जायच्या आधी दर्शनी भिंतीवर 'गेंडा शोधा' लावून द्या. गोरा शिपाई साखळीने बांधलेल्या गेंड्याजवळ कोरलेला आहे. सापडेपर्यंत मोठ्यांनी बोटाने दाखवायचं नाही. आमच्या पाचांना सात मिनिटं लागली आणि सगळ्यात आधी सापडला तो शेजारच्याला, ज्याला चष्मा आहे.

पाऊस लागला किंवा ऊन फार झालं तर केळकर संग्रहालय. दिवे, अडकित्ते, वाद्यं, दारं, हजारो वस्तू. सगळं बघायला जाऊ नका. आत जाताना सांगायचं, यातली एकच वस्तू चोरायची आहे, कोणती ते बाहेर आल्यावर सांगा आणि का तेही. मग प्रत्येक कपाटापुढे कुजबूज सुरू होते. चोरी मनातल्या मनात आहे हे मात्र दारातल्या माणसाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणू नका. आम्ही म्हटलं होतं.

तुमचं गाव पुणं नसेल तर

गठ्ठा तुमच्या गावाचा करा. नाशिकला काळाराम आणि गोराराम ही जोडी तयारच आहे, नारोशंकराची घंटा आहे. पुतणी परत गेल्यावर तिने बारा पानं केली सुद्धा. साताऱ्यात, सोलापुरात वारांच्या पेठा आहेत, सात वार पाठ करायच्या वयाच्या मुलांना तेवढ्या पुरतात. फक्त नाव आणि कारण अशी जोडी जमली पाहिजे. नुसती इमारतींची चित्रं चिकटवून केलेला गठ्ठा एका डावात कंटाळवाणा होतो, तेही करून पाहिलंय.

पत्ते रबराने बांधू नका, उन्हाळ्यात रबर वितळून पानांना चिकटतं. श्रीखंडाच्या चौकोनी डब्यात बरोबर बसतात. आणि जाल तेव्हा दिल्ली दरवाज्याच्या एका फळीवरचे खिळे मोजून या. आमच्याकडे पाच जणांनी मोजले आणि चार आकडे आले. एकीने आडव्या रांगा मोजून गुणाकार केला, बाकीचे एकेक मोजत गेले आणि मध्ये कबुतर उडालं. भांडण अजून मिटलेलं नाही, म्हणून बरोबर आकडा मी इथे लिहीत नाही. त्या पोरांपैकी कोणीतरी हे वाचेल.